मोहलारोयची उभी झाडं

११ फेब्रुवारी
उभी आहेत! मोहलारोयच्या कपाशीची आठही रोपं ताठ! शेजारच्या आठांना माझी साधी बुरशी दिली होती, ती माना टाकून मेली. त्याच बुरशीतलं एक जनुक या पोरीने काढलं आणि बुरशी निरुपद्रवी झाली म्हणे; तीच या उभ्या रोपांना दिली होती. मर रोगाचं मूळच सापडलं!

दोमला आमचे प्रमुख, पण स्वतः उठून तिला चहा ओतला. अर्धाच पेला — म्हणजे मान, पुन्हा पुन्हा ओतायचा. मला एकोणीस वर्षं काठोकाठ. प्या आणि निघा.

१२ फेब्रुवारी
अंदिजानच्या शेतातून ती बुरशी आणली कुणी? मी, गुडघाभर चिखलात उतरून. जगवली कुणी? मी. ही बाई कोरियात दोन वर्षं राहून आली आणि कात्री चालवली. नाव तिचं.

१७ फेब्रुवारी
जळते आहे मी. इथे तरी खरं लिहू दे.

२० फेब्रुवारी
कँटीनमध्ये सोम्सा खाताना सगळ्यांदेखत म्हणाली, "सनोबर-ओपा, तुमची बुरशी नसती तर मी कापलं काय असतं, माझं नाक?" सगळे हसले. मीही हसले. ओपा, म्हणजे ताई, म्हणत गोड बोलते ना, त्याचाच संताप येतो. तिखट बोलली असती तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

२६ फेब्रुवारी
सुचलं! तिने ती बुरशी चौदा वेळा एका बशीतून दुसऱ्या बशीत हलवली आहे. वहीत लिहिलंय. आयतं खाऊन बुरशी सुस्तावते, रोग करायचंच विसरते. म्हणून तर मी माझी दरवर्षी एकदा जिवंत रोपातून फिरवून आणते. मग जनुकाचा काय संबंध? दोमलांना म्हटलं, तर म्हणाले, "बाई, तुमच्या पोटात का दुखतंय?"
दुखतंय. म्हणून मी चूक असेन का?

२७ फेब्रुवारी
तिच्या बुरशीची एक नळी न विचारता घेतली, पाण्यात कालवली. मागच्या काचघरात आठ रोपांची मुळं त्या पाण्यात बुडवली. तिची सुस्त बुरशी रोपात शिरून जागी झाली, की झाडं मरतील. माती वाफवून जंतू मारायच्या यंत्रापुढे दोन दिवसांची रांग. एवढं थांबतंय कोण! जुन्या कुंड्या होत्या, माझ्याच मागच्या प्रयोगाच्या, मातीसकट. त्यातच लावली.

९ मार्च
काही नाही. मेली ताठच!

२१ मार्च
नवरोज. मोहलारोय घरी सुमालकचा, गव्हाच्या अंकुरांच्या खिरीचा, वाडगा घेऊन आली. माझ्या पहिल्याच चमच्यात खडा. "ओपा, खडा आला! पटकन काहीतरी मागा!"
मागितलं. झाडं मरू देत. ती समोर बसून हसत होती.

२५ मार्च
मेली! सहा मेली, दोन पिवळी पडलीत. काचघरात एकटीच नाचले, या वयात!

२६ मार्च
दोमलांना हाताला धरून नेलं. त्यांचा चेहरा उतरला. मोहलारोयला बोलावलं. नळी घेतल्याचंही सांगून टाकलं. वाटलं, आता आकांडतांडव करील. ती कुंड्यांपाशी उकिडवी बसली, एक पान चुरगळलं. म्हणाली, "ओपांनी केलंय म्हणजे बरोबरच असणार." एवढंच. छापायला पाठवलेला शोधनिबंध तिने मागे घेतला.
जिंकले मी. मग जेवण का जाईना?

२ एप्रिल
बदललेली बुरशी कामाची नसली तर ठेवायची नाही, असा नियम. तिच्या सगळ्या नळ्या भट्टीत गेल्या. साक्षीदार म्हणून सही माझी. ती नोकरी सोडून समरकंदला आईकडे गेली. जाताना मिठी मारली मला.

४ एप्रिल
दोमला म्हणतात, मेलेल्या झाडांतली बुरशी काढून दाखवा, कागद पुरा होईल. देठाचे तुकडे बशीत लावले. बशीत ते औषध घातलंय, जे तिची बदललेली बुरशी पचवते आणि साधी बुरशी त्याने मरते.

८ एप्रिल
औषधाच्या बशीत काही उगवलं नाही. साध्या बशीत भरघोस उगवलं. झाडं मारली माझ्याच बुरशीने, जुन्या मातीत दडलेल्या. मोहलारोय बरोबर होती.