गुरुवारचा हेल्मेटवाला

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुरक्षेची सभा. घरोघर बोलावणी करून अकरा डोकी जमली! फौजदारबाई मात्र वेळेवर. वयाने लहान, आवाज ठणठणीत. भिंतीवर आमच्या गल्लीचा मोठा नकाशा लावला आणि प्रत्येकाला मागे गोंद असलेले तीन लाल ठिपके दिले. "जिथे भीती वाटते तिथे चिकटवा. जास्त ठिपके जिथे, तिथून आम्ही सुरुवात करणार. ठरवायचं तुम्ही."

कुलूपवाल्यांनी तिन्ही ठिपके स्वतःच्या दुकानाशेजारी लावले. चोरीचा विषय निघाला की या माणसाचा चेहरा खुलतो.

मी दोन लावले आमच्या खिडकीसमोरच्या बंद दिव्यावर. तिसरा हातातच राहिला. लेक कधीच परत येणार नाही याची भीती वाटते, ती कुठे चिकटवू?

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, अक्षर बरं, म्हणून नोंदवही माझ्या गळ्यात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक घर सोडून गेली त्याला आज चार वर्षं. ठरलेलं लग्न तिने मोडलं आणि चारचौघांत माझं नाक कापलं गेलं. नाक! काय लोणचं घालायचंय आता त्या नाकाचं? "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस" — माझेच शब्द. हे म्हणत होते, "जीभ आवर." आवरली नाही. तिने फोन नंबरही बदलला.

साडेपाचला खिडकीत चहा — आम्हा मायलेकींचा. मी अजून बसते. हे म्हणतात, "येणार्‍या प्रत्येकीकडे बघत बसलीस तर मान आखडेल." आखडू दे.

फार आठवण येते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सभेला खुर्च्या कमी पडल्या! खालच्या शिंपीणबाईंनी सांगितलं — दर गुरुवारी संध्याकाळी एक स्कूटर त्या बंद दिव्याखाली थांबते. काळं हेल्मेट, ढगळ जाकीट. हेल्मेट काढत नाही. आमच्या इमारतीकडे दहा मिनिटं बघतो आणि जातो. "पाळत ठेवतोय हो तो!" कुलूपवाले म्हणाले, "मी म्हणतच होतो!" (कधी?)

मीही पाहिलाय त्याला. वाटायचं, कुणाची तरी वाट बघतोय बिचारा, माझ्यासारखी. कसली वाट! डाव शिजत होता तर.

बघता बघता त्या खांबाभोवती गोवर उठल्यासारखे ठिपके. माझा उरलेला तिसराही तिथेच. मग वहीत मीच लिहिलं, ठळक अक्षरांत: प्राधान्य क्रमांक एक — गुरुवारचा हेल्मेटवाला.

फौजदारबाईंनी बजावलं, "कोणी अंगावर जायचं नाही. वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. आणि गुरुवारी पडदे लावून घ्या."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

५.३४ ला आला. पडद्याच्या फटीतून नंबर टिपला. ५.३६ ला गेला. एरवी दहा मिनिटं थांबणारा दोन मिनिटांत पसार — पडदे बघून टरकला असणार.

चहा ओट्याशी उभ्यानेच प्यायले. चव नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिवा लागला! ठिपक्यांना किंमत आहे म्हणायची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा कप फळीवरून काढला, धुतला, परत ठेवला. कान तुटलाय त्याचा. मी दर महिन्याला हे करते. हे नुसते बघतात. आज मात्र म्हणाले, "आण इकडे, मी पुसतो."

एकदा नुसती दिसली तरी पुरे आहे. बोलली नाही तरी चालेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सापडला! दोन हवालदारांनी दिव्याखालीच गाठला. सगळी इमारत पडद्याआड. हेल्मेट उतरवायला लावलं, पण नेमकी हवालदाराची रुंद पाठ मध्ये! चेहरा काही दिसला नाही. काहीतरी विचारलं त्यांनी, तर याने वर बोट केलं. मग हेल्मेट चढवलं आणि स्कूटर हळूहळू गेली.

शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वहीत लिहिलं: क्रमांक एक — निकाली. कितीतरी दिवसांनी हलकं वाटतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फौजदारबाई घरी आल्या. एकट्याच. बसल्या नाहीत.

"काकू, तो हेल्मेटवाला नव्हता. मुलगी होती. कुणाकडे बघतेस विचारलं, तर तिने तुमच्या खिडकीकडे बोट केलं. म्हणाली, आई चहाला बसते ना, तेवढी बघून जाते. गेल्या गुरुवारपासून ती पडदा लावते. मी येते ते तिला कळलं असणार. आता नाही येणार."

पत्ता देता येत नाही म्हणाल्या. निरोप पोचवते म्हणाल्या. "काय सांगू?"

म्हटलं, सांगा — पायरी चढ.

पडदे काढून ठेवलेत.