शिळ्या भाकरीवरचा रस

बाबा, काल आखाजी झाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या नावाने पुरणपोळी ठेवली नाही. एवढं एकच वाक्य तुम्हाला सांगायचं होतं, पण सकाळपासून चार कागद फाडले. आज दुकानात काम नाही. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताच्या सगळ्या लग्नपत्रिका मागच्याच आठवड्यात छापून गेल्या, मालक जेवायला घरी गेले आहेत आणि मी संगणकासमोर बसून कागदावर हाताने लिहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, मी आता अमरावतीला लग्नपत्रिकांच्या अक्षरजुळणीचं काम करतो. दहावीचे दोन विषय राहिले ते राहिलेच, पण पत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या हातून जात नाही. लोक आजोबांच्या नावाआधी 'कै.' घालायला विसरतात, मी आठवणीने विचारतो. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत तुमच्या नावाआधी ती दोन अक्षरं टाकली आणि तीनदा तपासली. चूक नव्हती. तरी चौथ्यांदा पाहिलं.

आपलं अकोल्याचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. स्वयंपाकघर कसलं, खोलीचा एक कोपरा. आई शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवायची आणि घरी आली की हात वर करायची. "दिवसभर मापानं तांदूय, मापानं तेल, मापानं मीठ. आता तुमी बापलेक काय करता ते करा. मले फक्त ताक-भात द्या." सुट्ट्यांत ती लग्नांच्या स्वयंपाकाला जायची, म्हणजे उन्हाळ्यातही तेच. तुमचं जिनिंगमधलं काम दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत, पुढे कापूस संपला की तुम्ही घरी. त्यामुळे अर्धं वर्ष आपल्याकडे चूल तुमच्या हातात असायची. बाळापूरला तुमच्या दादांकडे, मोठे बाबांकडे गेलो की यावरून हसणं ठरलेलं. "काय रे, आज काय शिजवलं तुह्या बापानं? संत्र्याची भाजी?" ओसरीवरचे सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात आणि म्हणायचात, "नाही दादा, भाजी उद्या. आज झुणक्यासंग नुसत्या फोडी." ते खरंच होतं. झुणका-भाकरीबरोबर संत्र्याच्या फोडी मी तुमच्याशिवाय कोणाला खाताना पाहिलं नाही. शिकरणीत भाजून चुरलेल्या खारोड्या, वरणात भाजलेला पेरू, चहात शेव. घरात जे असेल ते तुम्ही दुसऱ्या कशात तरी घालायचात आणि मग ताटाकडे असे पाहायचात, जणू ती दोन माणसं आहेत आणि तुम्ही त्यांची ओळख करून दिली आहे.

मी तेव्हाही असाच होतो, सगळं नीट लागायचं. एकदा तुम्ही जिनिंगमधून येताना एक काळा मार्कर आणला आणि म्हणालात, "बाबू, तुह्यं अक्षर चांगलं हाये, डब्यांवर नावं लिही." मी दिवसभर बसून हळद, जवस, जिरं, मोहरी असं लिहिलं. तुम्ही कौतुक केलं आणि संध्याकाळी जवसाच्या डब्यात साखर भरली. मी रडकुंडीला आलो तर म्हणालात, "अरे, नाव तर चांगलंच हाये ना." त्याच मार्करने मी एका वहीवर 'बाबांचे पदार्थ' असं लिहिलं आणि तुम्ही शिजवत असताना शेजारी बसू लागलो. मीठ किती? तेल किती चमचे? तुमचं उत्तर एकच. "खाऊन पाय." मी म्हणायचो, "बाबा, खाऊन पाहा हे माप नाही." तुम्ही म्हणायचात, "मंग काय हाये?" त्यामुळे त्या वहीत पदार्थांची नावं पुष्कळ आहेत आणि आकडे जवळजवळ नाहीत.

त्यातला शेवटचा पदार्थ म्हणजे आखाजीच्या दुसऱ्या दिवशीचा. पितरांच्या नावाने घागर भरली, त्यांच्या पानावर आंबा वाढला, की मगच आपण त्या वर्षीचा पहिला आंबा खायचा, ही आपल्या घरची रीत. त्या दिवशी रस व्हायचा आणि तुम्ही मुद्दाम थोडा उरवायचात. पातेलं परातीतल्या पाण्यात, वरून ओला पंचा. सकाळी त्याला किंचित आंबूस वास यायचा. आई कामाला गेलेली. तुम्ही कालची ज्वारीची भाकरी काढता, तव्यावर जराही गरम न करता ताटात कुस्करता. त्यावर रस. त्यावर जवसाची चटणी, मुठीने. मग पळीत तेल तापवता, लसणाच्या पाकळ्या ठेचून टाकता, त्या लाल झाल्या की ती पळी अख्खी ताटावर उलटी करता आणि चर्र आवाज होतो. "सरक मांगं, उडते." आणि मग आपण दोघं एकाच ताटात. तुम्ही बोटं चाटता. म्हणता, "पुरणपोयी ठेव म्हणा बाजूले. हरभऱ्याच्या दायीनं छाती जयते माही. हे पाय."

एका वर्षी आपण असेच बसलो होतो आणि दारात मोठे बाबांचा आवाज आला. बाजाराला आले होते. मी काय केलं ते तुम्हाला आठवतच असेल. मी ताट उचललं आणि खाटेखाली सरकवलं, वर वर्तमानपत्र टाकलं. मोठे बाबा तासभर बसले, चहा पिऊन गेले. ते गेल्यावर ताट काढलं तर त्याला मुंग्या लागल्या होत्या. तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं मला दुसरं आठवत नाही, हेच एक. तेही ओरडणं नव्हतं. तुम्ही मुंग्या झटकत म्हणालात, "आपण चोरीचं खाऊन राहिलो होतो का रे? हसतीन ते. हसू दे. पण आपुन जे खातो ते लपवाचं नाही." मी हो म्हटलं. मग तुम्ही ताट धुतलं.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तापाचं निमित्त झालं. मी तेरा वर्षांचा होतो. पुढची आखाजी तुमची पहिली, म्हणून ती बाळापूरला मोठे बाबांच्या घरी झाली. अंगणात सगळे जमले होते, गुरुजी येऊन बसले होते, आत कुरडया तळणं चालू होतं. मोठीआईने मला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सांग बेटा, तुह्या बाबाले काय आवडे? ज्याचं त्याले आवडते ते ठेवा लागते पयल्या पानावर." मला उत्तर माहीत होतं. शिळी भाकरी. तीही आंब्याच्या रसात. वरून लसूण. मी मोठे बाबांकडे पाहिलं, ओसरीवरच्या माणसांकडे पाहिलं. मला ते हसणं आधीच ऐकू आलं, आणि या वेळी त्या हसण्याला उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. मी म्हणालो, "पुरणपोळी." मोठीआईने डोळ्यांना पदर लावला. चुलीपाशी बसलेल्या आईने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळी लाटू लागली.

एकदा पानावर गेलं की ते ठरून जातं. पुढच्या वर्षी कोणी विचारलंच नाही. अकोल्याहून आम्ही अमरावतीला आलो, वलगाव रोडला दोन खोल्या घेतल्या, तरी दर आखाजीला आई पुरण शिजवायची आणि तुमच्या नावाने, वर तूप सोडून, पोळी ठेवायची. मी हात जोडून उभा राहायचो आणि मनात एकच, की आज पुन्हा यांची छाती जळणार. हसू नका. माझा स्वभावच तसा आहे. गॅस बंद केला का म्हणून मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो. दर वर्षी ठरवायचो की यंदा आईला सांगू, आणि मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर तिला किती लागेल. तिने दर वर्षी उन्हाच्या काहिलीत उभं राहून तुमच्यासाठी खोटं शिजवलं, आणि ते माझ्यामुळे.

यंदा घरात तुमची सून आहे. मूर्तिजापूरची आहे, बोलायला धीट. तिची या घरातली पहिली आखाजी. काल सकाळी डाळ शिजत होती, आई पाट्यावर पुरण वाटायची तयारी करत होती, आणि हिने सहज विचारलं, "आवो, बाबांले पुरणात जायफळ चाले का विलायची?" इतका साधा प्रश्न. मी तिथेच खाली बसलो आणि म्हणालो, "आई, बाबांना पुरण आवडतच नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं."

आईने पाटा धुणं थांबवलं नाही. म्हणाली, "मले काय सांगून राहिला? सोळा वर्ष काढले म्या त्याईच्या संग. पोयी देली का मुकाट माह्या ताटात सरकवत."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुठी बोलू? बापाचं पयलं पान, अन् पोरानं चारचौघांत सांगतलं. तिथं तुले खोटा पाडू का मी?" मग पाट्याकडेच पाहत, "मले वाटे, हा सांगीन आपल्या तोंडानं. पोरगं हाये, आज ना उद्या सांगीन."

पंधरा वर्षं ती वाट पाहत होती, बाबा, आणि मी तिला लागेल म्हणून गप्प होतो.

मग मी खरं काय ते सांगितलं. हिचे डोळे मोठे झाले. "अव माय! पितराईले शिळं ठेवतेत का कुठी?" आई म्हणाली, "जिते होते तवा ताजं कधी खाल्लं त्याईनं?" आणि तिला हसू आलं. मग आम्हा तिघांनाही. ठरलं ते असं, की घराण्याच्या पितरांचं पान रीतीप्रमाणेच, पुरणपोळी, कुरडई, कढी, सगळं. आणि त्याच्या शेजारी तुमचं वेगळं ताट. परवाच्या दोन भाकऱ्या टोपलीत होत्याच. रस ताजा होता, तुमच्यासारखा आंबूस नव्हता, त्याला इलाज नव्हता. राहिला लसूण. मी म्हणालो, आजच्या दिवशी लसूण नको, नुसतं तेल घालू. आई उठली, शिंक्यातून लसणाचा गड्डा काढला आणि खाली बसून स्वतः सोलू लागली.

मी वही काढली. ती अजून माझ्याजवळ आहे. त्या पानावर तेराव्या वर्षाच्या माझ्या अक्षरात लिहिलं आहे: भाकरी, उरेल ती. रस, उरेल तो. चटणी, आणि त्यापुढे रिकामी जागा. लसूण, रिकामी जागा. तेल, रिकामी जागा. मी हात धुऊन बसलो, थोडी चटणी टाकली आणि बोट ताटाकडे नेलं, तर आईने माझं मनगट धरलं. "चाखाचं नाही. ठेवाच्या आंधी चाखतेत का?" रीतीप्रमाणे बरोबर होतं. तुमचं एकच माप होतं, तेवढं वापरायचं नव्हतं. मी मूठ भरून पुन्हा डब्यात सोडत होतो. हीच म्हणाली, "टाका ना अंदाजानं, ते काय परीक्षा घेऊन राहिले?" मी डोळे मिटून मुठीने चटणी टाकली. तेल तापवलं, लसूण लाल झाला, पळी उलटी केली. चर्र झालं. आई दोन पावलं मागे सरकली, तिला कोणी सांगितलेलं नसताना.

गच्चीच्या कठड्यावर दोन्ही पानांतला एकेक घास ठेवला. कावळ्याने दोन्ही खाल्ले, आधी पुरणाचा. त्यातून काही कळत नाही.

खाली येऊन आम्ही तुमच्या ताटात तिघं बसलो. हिने एक घास घेतला आणि म्हणाली, "वाईट नाही लागून राहिलं," आणि दुसरा घेतला. आईने आयुष्यात कधी हे खाल्लं नव्हतं, तुम्ही करायचात तेव्हा ती दुसऱ्यांच्या पंगतींसाठी स्वयंपाक करत असायची. तिने घास तोंडात बराच वेळ ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, लसणामुळे असेल. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण आता घरात ते ठाऊक असणारा मी एकटाच आहे, आणि विचारलं, "असंच करत ना ते?"

मी म्हणालो, "हाव, अस्संच."

ताट स्वच्छ झालं. संध्याकाळी वहीत रिकाम्या जागांवर मी पेन्सिलीने दोन मुठी, सहा पाकळ्या, एक पळी असं लिहिलं. आज सकाळी दुकानात येण्याआधी ते खोडून टाकलं. मालक येतील आता, हा कागद घडी करतो, घरी गेलो की वहीच्या त्याच पानात ठेवीन. बाबा, भाकरीचा तुकडा दाताखाली कसा यायचा ते मला आठवतं, तेलाचा आवाज आठवतो, तुमची बोटं आठवतात. चव आठवत नाही. आईला मी हाव म्हणालो.