बाबांचं 'ठीक आहे'

प्रिय ताई,

आधी कबुली देतो, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. तुझ्या प्रबंधातल्या ज्या पाचव्या मुलाखतीवर तू लट्टू झालीस ना, तो म्हातारा कामगार मीच. तू रेकॉर्डर देऊन मला पाच जणांकडे पाठवलंस. चार केल्या. पाचवा घरी नव्हता आणि माझी मॅच होती. मग बाथरूममध्ये बसलो, गालात रुमालाचा बोळा धरला आणि "चाळीस वर्षं मशीन ऐकलं, आता शांतता टोचते" वगैरे ठोकून दिलं. तुझ्या मॅडम खूश! आता रविवारी तू त्याला भेटायला येणार म्हटल्यावर माझी तंतरली.

म्हटलं, खोटी काढून खरी घालू. बाबा आहेतच की कारखान्यात. तू घेतलेली त्यांची मुलाखत मीच उतरवून काढली होती. अकरा प्रश्न, अकरा वेळा 'ठीक आहे'. खाली तू लिहिलंस, 'बोलायची इच्छा दिसत नाही'. तेव्हापासून तुझा फोन फक्त आईला येतो.

तर बाबांना बसवलं. रेकॉर्डरचं बटण अडकलं होतं, ते सोडवत मान खाली घालूनच विचारत होतो. ठीक आहे. ठीक आहे. मला खोडी सुचली. तसंच खाली बघत विचारलं, बाबा, तुमची स्कूटर विकून टाकू का? म्हणाले, ठीक आहे. मी फिस्सकन हसलो, आणि एकदम मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ताई, ते मला त्या स्कूटरला हात लावू देत नाहीत.

मग प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवले. दीड तास बोलले गं. मशीनपायी कान कधी गेले, त्यांनाही कळलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून भागवतात. शेवटी म्हणाले, "ती कागदात बघून विचारत होती. तोंडच दिसेना. पुन्हा विचार म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं."

ती टेप तुला देता येत नाही. परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही, आणि सही नाही तर मुलाखत नाही, हे तूच शिकवलंस. खोटीही काढून टाक, मॅडमची माफी मी येऊन मागतो. पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं. रविवारी आलीस की बाबांसमोर बस, वही मीट आणि त्यांच्याकडे बघून सावकाश विचार. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत, कारखान्यात कळलं तर मशीनवरून उतरवतील. आईसमोरही अवाक्षर काढू नकोस. आणि मी तुला सांगितलं हे बाबांना तर मुळीच नको. हात जोडतो ताई, कुणालाच सांगू नकोस.

तुझाच,
उपद्व्यापी