म्हातारबाचा पटका

माय,

पाया पडतो. मी बरा हाय. तुझे गुडघे कसे हाईत?

आपले क्रिकेटचे कॅप्टन काल आमच्या पुण्याच्या दवाखान्यात आलते. इथल्या गरीब लेकरांची ऑपरेशनं त्यांच्याच पैशानं होतात. मी दारावरचा वॉचमन, तरी फोटोसाठी पुढं घुसलो. माझ्या धक्क्यानं एक म्हातारबा पडले. कॅप्टननी त्यांना उठवलं, पटका झटकून डोक्यावर ठेवला.

मग मी म्हातारबांना चहा नेऊन दिला.

"आमी धारूरचे," ते म्हणले. "तू कुठला, बाळा?"

आपल्याच गावचे, माय! मी म्हणलो, "पुण्याचा."

गावाची लाज न्हाई वाटली. गावाला माझी वाटंल, म्हणून खोटं बोललो.

जपून राहा.

तुझा,
हनुमान