डाव्या पेडलाचा घातपात

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९
शेजाऱ्याने गाडी मागे घेताना माझी सायकल चेपली. पुढचं चाक पापडासारखं, हँडल मान टाकलेलं. वर मलाच म्हणतो, "काका, गाडीच्या मागे सायकल लावतं का कुणी?" शुद्ध कांगावा. रविवारी माझी सायकल पोलोची मॅच आहे हे त्याला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तीनदा.

दुपारी १२
कॅप्टनचा फोन. हे दाताचे डॉक्टर, गोड बोलण्यात वस्ताद. म्हणाले, टीम तिघांची. तुमची सायकल शनिवारपर्यंत उभी राहिली नाही तर दुसरं कुणीतरी बघतो. 'दुसरं कुणीतरी' जरा जास्तच सहज आलं तोंडातून. काहीतरी शिजतंय. त्रेसष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला टीममध्ये घेतलंय. ही जागा सोडणार नाही.
संकल्प: सायकल स्वतः दुरुस्त करणार. मेकॅनिक नको. मेकॅनिक चार लोकांशी बोलतो.

मंगळवार, ५ मार्च
दुरुस्तीचा व्हिडिओ पाहिला. अर्धा. पुढचं माझं मला सुचलं. माळ्यावरचं जुनं चाक बसवलं. पोलोत एका हातात मॅलेट असते, बॉल मारायचा लांब दांड्याचा हातोडा, म्हणून दोन्ही ब्रेक एकाच मुठीला जोडले. मूठ दाबली की तूर्त फक्त घंटी वाजते. पण कल्पना बरोबर आहे. स्पोकमधून बॉल जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला प्लास्टिकचा पत्रा लावला. तो हिच्या कापडाच्या कात्रीने कापला. बोललो नाही.
शेवटी सगळं उजवीकडे फिरवून आवळलं. डावं पेडल तर जितकं आवळावं तितकं फिरतच होतं. इतकं ढिलं ठेवतात कारखान्यात!

बुधवार, ६ मार्च
कुणीतरी सायकलला हात लावलाय. डावं पेडल काल कसं मोकळं होतं, आज आत रुतून बसलंय. मूठ दाबली तर दोन्ही ब्रेक लागतात. मी न केलेलं काम आपोआप होईलच कसं?
संशयित पहिला: शेजारी. दुसरा: साडू. साडू समोरच्या टीमचा गोलकीपर. काल सहज म्हणून आला आणि अडगळीच्या खोलीकडे दोनदा बघितलं.
हिला विचारलं. म्हणाली, "मला काय कळतंय बाई त्यातलं!" बिचारी. सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं, पण ती विद्या त्यांच्याबरोबरच गेली. घरात दोन्ही मुलीच.
हिची नखं काळी दिसली. शिलाई मशीनचं तेल म्हणे. मशीन आपण मागच्या वर्षी विकलं असं मला वाटत होतं. स्मरणशक्ती वाढवायला हवी.

गुरुवार, ७ मार्च
पाळत. बोटांचे ठसे मिळावेत म्हणून हँडलवर पीठ भुरभुरलं. जेवण झाल्यावर दाराआड खुर्ची टाकून बसलो. डोळे मिटले होते, लक्ष पूर्ण होतं. साडेचारला उठलो तर हँडल पुसून लख्ख, सीट दोन बोटं खाली, आणि माझ्या अंगावर चादर.
शत्रू निर्ढावलेला आहे. पण मायाळू.

शुक्रवार, ८ मार्च
खोलीला कुलूप. किल्ली गळ्यात. ही म्हणाली, "खोली उघडी राहू द्या हो. नंतर मला बोलू नका." साडूने हिलाही फितवलं की काय?

शनिवार, ९ मार्च
सायकल कॅप्टनना दाखवली. ब्रेक दाबून बघितले, चाक फिरवून बघितलं. म्हणाले, काम फार सुरेख झालंय, कुणी केलं? म्हटलं, मीच. जागा पक्की!
संध्याकाळी सीट वर केली. शत्रूचा भरवसा नाही म्हणून डावं पेडल पुन्हा उजवीकडे, पूर्ण ताकदीने.

रविवार, १० मार्च. दुपारी २
पहिल्याच मिनिटाला बॉल माझ्याकडे. जोर लावला. डावं पेडल सुटून थेट गोलपर्यंत गेलं. बॉल जागेवर. मी जमिनीवर.
ओरडलो, घातपात! साडू पेडल घेऊन आला. म्हणाला, "अहो दादा, डावं पेडल उलटं आवळतात, डावीकडे. सासऱ्यांच्या दुकानात पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. वहिनींना विचारायचंत! दहाव्या वर्षी चाकं बांधायच्या त्या."
ही प्रेक्षकांतून आली. पर्समधून पाना काढला. (पर्समध्ये पाना!) एका मिनिटात पेडल बसवलं. माझा गुडघा सुजलेला. कॅप्टन म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसता का?"
हिने सीट दोन बोटं खाली घेतली आणि बसली. पोलोत पाय जमिनीला टेकला की तेवढा वेळ खेळता येत नाही. हिचा एकदाही टेकला नाही. दोन गोल केले. एक साडूच्या पायांमधून.

सोमवार, ११ मार्च
छत्तीस वर्षांत मी हिला कधी विचारलंच नाही. आज विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "सायकल स्वतः दुरुस्त केली म्हणून किती खुशीत होतात तुम्ही." मग म्हणाली, "कात्रीचं मात्र विसरलेले नाही."
कॅप्टनचा फोन. हिच्यासाठी. टीममध्ये ही, मी राखीव. सायकल माझीच.

सायंकाळी ६
गुडघ्याला शेक. आत्ता एक गोष्ट लक्षात आली. दुरुस्तीच करायची होती, तर गुरुवारी सीट दोन बोटं खाली कशाला?