ड्रायरचं तिसरं वागणं

माय, तू मिलमध्ये होतीस तेव्हा डाळ वाळवायला लाकडाची भट्टी होती. आता गॅसचा बर्नर आहे. तूर तापली की तो आपोआप विझतो, निवली की आपोआप पेटतो. पॅनलला हात लावायचा नाही, लावलास तर ड्रायरवरून उठवून निवडायला बसवीन, असं शेठनी मला बजावलंय. निवडणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. एका जागी बसले की डोकं फिरतं. तरी हात जातोच. बर्नर विझायच्या जरा आधी मी बटण बंद करते आणि नुसता पंखा चालू ठेवते. तू भट्टीतलं लाकूड मागे ओढायचीस ना, तसं. लहानपणी एकदा मी विचारलं, एवढ्या लवकर का? तू पाठीत धपाटा घातलास. "बठ्ठी दाय जयी जाई, मंग तुन्हा बाप भरी का?" सगळी डाळ जळेल, झालं उत्तर.

यंदा धुळ्याहून एक इंजिनीअर पोरगी आली. ड्रायरला सेंसर लावून तिने हंगामभर आकडे गोळा केले. कधी पेटवायचं, कधी विझवायचं, हे म्हणे त्या आकड्यांवरून यंत्रच शिकणार, म्हणजे गॅस वाचेल. मी म्हटलं, "माणसांना शिकवून झालं वाटतं!" हसली आणि कामाला लागली. पेटलेला ड्रायर एक वागतो, विझलेला दुसरं. दोन्हींचा हिशोब तिने वेगळा मांडला, तरी जुळेना. मग एका दुपारी मला लॅपटॉपपाशी बोलावलं. लाल पट्टे, निळे पट्टे, आणि मध्येच पिवळे. "मावशी, हे तिसरं वागणं मशीनचं नाही. कोण आहे हे?" खोटं रचत बसायला धीर लागतो, तो माझ्यात नाही. "मी आहे. जा, सांग शेठला."

सांगितलंच तिने. म्हणाली, ड्रायर भरलेला असला तर मावशींची घाई फुकट, उलट गॅस जास्त जातो. पण माल अर्धाच असला तर बर्नर विझल्यावरही ताप चढत राहतो, तेव्हा डाळ वाचते ती त्यांच्यामुळे. हेही यंत्राला शिकवायचंय, मावशी ड्रायरवरच हव्यात.

शेठ माझ्याकडे वळले. "ही अक्कल कोणाची?"

हे तुला पोचणार नाही म्हणून सांगते, माय. तुझं नाव ओठांवर आलं होतं. पण शेठ पहिल्यांदाच माझ्याशी न ओरडता बोलत होते. मी म्हटलं, "माझीच."