विरजणाची कुपी

३ नोव्हेंबर
आले एकदाची फरिदाबादला! खोली झकास, हवा भिकार. घरमालक आपलेच: केंद्र सरकारी नोकरीतले विलासकाका, सुमित्राकाकू आणि नववीतली संपदा. दह्याचं नाव काढलं की संपदा नाक मुरडते. घरातले निरोप फ्रिजवर चिठ्ठी लावून दिले जातात आणि पोर ते तंतोतंत पाळते.

८ नोव्हेंबर
प्रयोगशाळेत माझ्याकडे एक कुपी सोपवलीय. जमिनीखाली तीन किलोमीटरवर खडकात अडकलेलं पाणी, आणि त्यात जिवाणू. शंभर वर्षांत एकदा दुभंगतात. बाकी नुसते असतात, आमच्या श्रीरंग सरांसारखे. तिथला फ्रिज बिघडला तर सर म्हणाले, घरी घेऊन जा. नेली, काकूंच्या फ्रिजात ठेवली. काकू दिसेल ते फेकतात म्हणून कुपीवर लिहिलं, ‘विरजण’. ते कुठलीच मराठी बाई फेकत नाही. संपदाला शब्द कळेना. हिंदीत जामन, असं सांगितलं.

११ नोव्हेंबर
दही सुरीने कापावं इतकं घट्ट लागलं होतं. दोन वाट्या खाल्ल्या. मग कळलं, काकूंचं विरजण कमी पडलं, त्यांनी त्यात माझंही घातलं. सरांना फोन केला. ते हसले, म्हणाले, पोटात मरतील. काकूंना मी काहीच सांगितलं नाही. नोकरी नवी आहे ना!

१२ नोव्हेंबर
काका चहाचा कप ओठाशी धरून बसलेत. सकाळपासून. नाडी मिनिटाला चार. काकू ओट्याशी उभ्या, तशाच—

६ जानेवारी
कालच लिहिलं ना मी? फोन हीच तारीख दाखवतोय. काका-काकू पलंगावर, नाकात नळ्या. संपदाची मावशी आलीय. माझ्या अंगावर रजई. सगळे माशीसारखे भिरभिरतात; बोलणं ऐकू येतं ते नुसती गुणगुण. माझं त्यांना कळतच नाही.

२ एप्रिल
रजई गेली. पंखा. संपदा रोज दही लावते, स्वतः खात नाही— आईचं म्हणून जपते. फ्रिजपाशी शेजारणींच्या वाट्या, जामन न्यायला. समोरच्या बाल्कनीतली बाई कपडे वाळत घालतेय. हात वरच. केव्हापासून—
शब्द माझा. मीच लिहिला.

ऑगस्ट
बोलून उपयोग नाही. चिठ्ठी. देऊ नकोस, एवढंच. एकेका अक्षराला किती दिवस— संपदा पुढ्यात बसलीय, लिहून होण्याआधीच वाचतेय, मान हलवतेय—

संपदा, शेजाऱ्यांना जामन दे